सुटली की पडली

लालासाहेबाचा डावा कान कुस्तीत मोडला. उजवा शाबूत आहे, पण त्यानंही आता हळूहळू काम सोडलंय. म्हणून फोन आला की हा गडी तो स्पीकरवर टाकतो, तोंडासमोर धरतो आणि बोलतो. त्यामुळे त्याच्या घरातलं काहीही गावापासून लपून राहत नाही. सुनेची सोनोग्राफी, मुलाची बदली, जावयाचे रुसवेफुगवे, सगळं आम्ही चौकात बसून ऐकलेलं आहे. त्याची बायको मनुवहिनी कपाळावर हात मारून घेतात. पण फौजेतून परतलेल्या माणसाला कोण सांगणार?

इस्लामपूरपासून जवळच नदीकाठाला आमचं गाव. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता, आणि रस्ता जिथं थोडा दम खातो तिथं तालीम. जत्रेतल्या कुस्त्यांना मी माइकवरून बोलतो आणि लालासाहेब मैदानात पंच म्हणून उभा राहतो. मी बोलायचं आणि त्यानं गप्प बसायचं, अशी आमची तरुणपणापासूनची वाटणी आहे. पैलवान चितपट झाला की तो एका हातानं विजेत्याकडं दाखवायचा. दोघं तुल्यबळ ठरले, कुणीच कुणाला हलवेना, की मध्ये शिरायचा, दोघांचे हात वर धरायचा आणि एकच शब्द बोलायचा. "सुटली." कुस्ती बरोबरीत सुटली. मग दोन्ही तालमींचे लोक आपापल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचायचे आणि जेवायला जायचे.

आता लोकांना तसं जेवण गोड लागत नाही. मागच्या जत्रेत शेवटची मोठी कुस्ती त्यानं अशीच सोडवली, आणि मैदानात चपला उडाल्या. "निकाल पायजे! निकाल पायजे!" पंच कमिटीचा नवा अध्यक्ष शंभूराज मैदानात धावत आला. पोरगा कामाचा आहे, पण तोंडाला लगाम नाही. सगळ्यांच्या देखत तो लालासाहेबाला म्हणाला, "आबा, तुमाला कुनाचं पडनं बघवत न्हाई. पंचानं एवढं मऊ असून चालत न्हाई."

लालासाहेबानं फेटा काढला, काखेत धरला आणि तो घरी गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणं मला मिटवता येतात. पुढच्या जत्रेला गुणांवर निकाल लावायचं ठरलं, पंच बाहेरून आणायचं ठरलं, आणि हा माणूस तालमीच्या कट्ट्यावर यायचाच बंद झाला. मी दोनदा बोलवायला गेलो. "माजं काय काम तितं?" एवढंच बोलला. खरं सांगतो, शंभूराजाचं बोलणं मला लागलं, पण पटलंही होतं. म्हाताऱ्याच्या पोटात माया फार, हे मी जवळून पाहिलं होतं. वासरू विकलं तरी दोन दिवस गोठ्याकडं न फिरकणारा माणूस तो.

त्याची नात शिवांजली. वडील फौजेत, म्हणून ती आजाजवळच वाढली. लहानपणी कुस्तीच्या मैदानात त्याच्या खांद्यावर बसून असायची. पुढं शाळेत फुटबॉलची गोलकीपर झाली, मग कोल्हापूर, मग आणखी लांब, आणि आता दक्षिणेतल्या एका व्यावसायिक संघात. पगार घेऊन खेळते म्हटल्यावर गावात पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसेना. यंदा तिचा संघ लीगच्या फायनलला पोचला आणि गावाला एकदम फुटबॉल कळायला लागला.

शंभूराजनं ग्रामपंचायतीसमोर मोठा पडदा लावला. मला माइक दिला. मी म्हटलं, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, "आप्पासो, तुमी नुसतं बोला. कळायची काय गरज हाय?" माझ्या साऱ्या कारकिर्दीचा असा चोख हिशेब आजवर कुणी केला नव्हता.

संध्याकाळी लालासाहेब आला. तोच फेटा बांधून आला, आणि पडद्यासमोरच्या पहिल्या खुर्चीत बसला. मनुवहिनी बायकांच्यात बसल्या, पदर डोळ्यांवर घेऊन. "कुनीतरी सांगा गं, चेंडू लांब हाय का जवळ?" एवढंच त्या विचारत होत्या.

मी माझ्या पद्धतीनं सुरू झालो. "आली आली, निळ्या गंजीची पोरगी कब्जा घ्यायला आली! शिवांजलीनं उडी टाकली! चेंडू छातीशी!" गावानं शिट्ट्या मारल्या. पोरगी खरोखर जिवावर उदार होऊन खेळत होती. समोरच्या संघाची गोलकीपरही तशीच, लहानखुरी, पण चेंडू जाईल तिथं हजर. सगळा खेळ संपला, जादा वेळ संपला, तरी दोन्हीकडं भोपळा. पंचानं शेवटची शिट्टी वाजवली. मैदानावर पोरी जागच्या जागी बसल्या.

आणि लालासाहेब उठला. सरळ पडद्यासमोर गेला, दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाला, "सुटली!"

सगळा चौक हसला. मलाही हसू आलं, पण त्याचा चेहरा बघितला आणि ते जिरलं. वर्षभरात त्या माणसाला मी एवढं सुखात पाहिलं नव्हतं. पोरगी कुणाच्या हातून पडली नव्हती, तिनं कुणाला पाडलं नव्हतं, आणि हे सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं.

शंभूराज जवळ गेला. "आबा, खाली बसा. ह्यात सुटत न्हाई."

"मंजे?"

"पेनल्टी. येकेकीनं येऊन चेंडू मारायचा, गोलकीपरनं आडवायचा. ज्यांचं जास्त गोल त्ये जितलं."

"मंजे गुनांवर निकाल."

शंभूराज जरा चाचरला. "तसंच म्हना."

लालासाहेबाचे हात हळूहळू खाली आले. "ह्यो नेम आदीपास्नं हाय?"

"व्हय."

"दोन्हीकडच्या पोरींस्नी ठावं हाय?"

"व्हय, आबा."

"मग ठीक हाय," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

पेनल्टी सुरू झाल्या. मी माइक बाजूला ठेवला. शिवांजलीनं एक अडवला, तेव्हा चौकात गुलाल उडाला. मग तिच्या संघातल्या दोन पोरींचे चेंडू बाहेर गेले. शेवटचा चेंडू मारायला समोरची ती लहानखुरी गोलकीपरच आली. तिनं पाय उचलला मात्र, आमची पोरगी उजवीकडं झेपावली, आणि चेंडू डावीकडनं सावकाश, कुणी ढकलत न्यावा तसा आत गेला.

मनुवहिनी विचारत राहिल्या, "लांब हाय का जवळ?" आणि त्यांना सांगायला कुणी तयार होईना.

लोक उठले नाहीत. जेवायची वेळ झाली तरी सगळे तिथंच रेंगाळत होते. मग लालासाहेबाचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"आबा, मी हरलो." आमच्याकडच्या पोरी घरच्यांशी बोलताना अशाच बोलतात, मी गेलो, मी आलो. टीव्हीवर तिची मुलाखत ऐकली होती, तिथं तिची भाषा कशी इस्त्रीची होती. आता ती आमचीच शिवा बोलत होती.

शंभूराजनं लांबूनच ओरडून सांगितलं, "शिवा, तू हरली न्हाईस! आमच्यासाठी तूच चँपियन!" त्यामागं सगळे ओरडले. कुणी म्हणालं, पेनल्टी म्हणजे निव्वळ नशीब. कुणी म्हणालं, पंचच विकला गेलेला. पोरगी ऐकत होती. आवाज थांबले तशी म्हणाली, "सकाळपर्यंत सगळी हेच म्हननार. कोचपन हेच म्हनाले. आबा, तुमी सांगा. सुटली का पडली?"

सगळ्यांच्या नजरा लालासाहेबाकडं. एक शब्द बोलायचा होता, तोही त्याचा आवडीचा. मी खुणेनं सांगितलं, म्हण. सुटली म्हण. खरं-खोटं कोण विचारतंय?

"शिट्टी वाजली तवर सुटली हुती," तो म्हणाला. "त्यात तू कुनाला हलली न्हाईस. पन फुडचा नेम म्हायती असून उतरलीस. त्यात पडलीस, बाळा."

बायकांच्यातनं मनुवहिनी ताडकन उठल्या. "आवं! लेकराला पडलीस काय म्हनताय? जीभ कशी रेटती तुमची?"

मग शिवांजली म्हणाली, "मी आदीच उजवीकडं गेलो. तिनं मारायच्या आदी."

"व्हय. दिसलं."

"मला थांबायला पायजे हुतं."

"पायजे हुतं."

आणि पोरगी रडायला लागली. इतका वेळ आवरून धरलेलं सगळं एकदम सुटलं. लालासाहेबानं तिला गप्प केलं नाही. फोन तोंडासमोर धरून तो तसाच बसला, आणि सगळं गाव मान खाली घालून ते रडणं ऐकत राहिलं. बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं वाटलं, आबा. कुनीतरी पडलीस म्हनायला पायजे हुतं. न्हाईतर उठायचं कशावरनं?"

"जेवून घे," तो म्हणाला. "आन् ती बारकी पोरगी भेटली तर सांग, आमच्या गावाला तिचा खेळ आवडला."

फोन संपला. शंभूराज खुर्च्या गोळा करायच्या निमित्तानं जवळ आला. एक खुर्ची उचलली, परत ठेवली.

"आबा, जत्रंत मी म्हनलो हुतो, तुमाला कुनाचं पडनं बघवत न्हाई."

"बघवत न्हाईच रं," लालासाहेब म्हणाला. "आज बघवलं व्हय? पन बघवत न्हाई म्हनून खोटं बोलायचं आसतंय का? मी सुटली म्हनलो, तवा ती सुटलीच हुती."

शंभूराजनं वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. जत्रा, पंच, गुण, यातलं एक अक्षरही दोघं बोलले नाहीत. मी माइकची वायर गुंडाळायला लागलो.

लोक पांगले. लालासाहेब अजून खुर्चीतच होता. मी शेजारी बसलो, तसा त्यानं फोन माझ्यापुढं धरला. फोनच्या पडद्यावर शिवांजलीचा फोटो तसाच उजळलेला होता.

"आप्पासो, ह्यो बंद कर रं," तो म्हणाला. "मला बटन दिसंना झालंय."

मी फोन बंद केला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.