पऱ्हाटीची रेघ

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ज्याचे जे गाव, तेच त्याचे नाव. कर्णधार सेलूचा, म्हणून तो सेलू. डावा कोपरा सांभाळायचा तो पवनार. आणि मी वडनेर. प्राचार्य एकदा सराव पाहायला आले, तेव्हा या हाका ऐकून म्हणाले होते की मैदानावर नाही, बसस्टँडवर उभे असल्यासारखे वाटते.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. वडिलांचे वडनेरला किराण्याचे छोटे दुकान होते आणि मी बारावीनंतर तराजूपाशी बसावे, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. वडनेरहून आधी हिंगणघाट, तिथून दुसरी बस धरून वर्धा. हे रोज जमणारे नव्हते आणि वर्ध्यात खोली करून राहणे तर बोलायलाच नको. पण वसतिगृहात दोन खोल्या खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या होत्या. निवड चाचणीत माझी चढाई पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यातली एक खाट मला दिली. वडील नाइलाजाने हो म्हणाले. मी लोखंडी पेटी घेऊन बसमध्ये चढत असताना त्यांनी एवढेच विचारले की मी शिकायला चाललो आहे की कुदायला.

पहिलाच सामना आम्ही हरलो, आणि तो माझ्यामुळे हरलो.

आमच्या गावी कबड्डी आखरावर चाले. सकाळी गुरे जमत, तीच जागा संध्याकाळी आमचे मैदान. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला गुरांच्या पाण्याचा हौद. भिंतीला किंवा हौदाला अंग लागले की बाद. हद्द अशी उभी असायची. तिच्याकडे पाहावे लागत नसे. वर्ध्यात मात्र ती जमिनीवर आडवी पडलेली, फक्कीने आखलेली, आणि एक नाही, दोन. दोन रेघांमधल्या अरुंद पट्टीला लॉबी म्हणत. चढाई करणाऱ्याने समोरच्याला शिवल्याशिवाय त्या पट्टीत पाय टाकला, की तो बाद. एकदा शिवले, की तीच पट्टी मैदानात धरली जाते. हा नियम मला तोंडपाठ होता. पायांना नव्हता. माझे डोळे समोरच्यांच्या हातांवर, आणि पाय हौदाची वाट पाहत पसरत जायचे. त्या सामन्यात कुणी हात न लावता मी तीन वेळा बाद झालो. चौथ्या वेळी सरांनी मला बाहेर बसवले.

सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितले की खोली खेळाडूंची आहे, महिनाभराने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे, आणि तिथेही असेच झाले तर खाट दुसऱ्याला द्यावी लागेल. मी खोलीवर जाऊन कपडे पेटीत भरले आणि पेटीला सुतळी बांधून टाकली. खाट जाणार म्हणजे कॉलेज जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

सेलूने ती सुतळी पाहिली. "अबे वडनेर, तुह्या गावात रेघा नाई काय बे?"

मी म्हटले, हौद आहे.

पवनार खाटेवर लोळत होता. तो म्हणाला, "मंग याच्यासाठी हौद आणा लागते ना बे."

दोघे पोट धरून हसले. मला ती थट्टाच वाटली. पण दुसऱ्या दिवशी पवनार सायकलच्या कॅरिअरवर पऱ्हाट्यांचा भारा बांधून कॉलेजात आला. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडे उरतात, ती आमच्या भागात घरोघरी चुलीसाठी रचलेली असतात. चौकीदाराने फाटकाशीच विचारले की वसतिगृहात आता चूल मांडणार का. पवनारने त्याला सांगितले की चूल नाही, एका जनावराला कुंपण घालायचे आहे.

त्या पऱ्हाट्या आम्ही आतल्या रेघेवर एकीपुढे एक अंथरल्या. मी अनवाणी चढाई करायची आणि सेलू-पवनारने समोर उभे राहून मला काठाकडे रेटायचे. पऱ्हाटीची बोंडे सुकली की त्यांची टोके काट्यासारखी होतात. पहिल्या आठवड्यात माझ्या तळव्यांची चाळण झाली. संध्याकाळी सेलू मिठाच्या कोमट पाण्याची बादली आणून ठेवी आणि मी पाय बुडवून वर्गात उतरवलेले इतिहासाचे टिपण वाचत बसे. हळूहळू बोचणे कमी झाले. मग पवनारने एकेक पऱ्हाटी काढून घ्यायला सुरुवात केली. शेवटी नुसती फक्की उरली. तरी काठ जवळ आला की माझी बोटे आपोआप आखडायची.

स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर नागपूरचा संघ होता. त्यांचे बूट सारखे, जर्सी सारखी. त्यांनी आमचा तो हरलेला पहिला सामना पाहिलेला होता. मी चढाईला गेलो की ते पुढे येऊन पकडतच नसत, नुसते मला काठाकडे ढकलत नेत आणि वाट पाहत. मी प्रत्येक वेळी रेघेशी वळून परत येत होतो. गुण मिळत नव्हता, पण बादही होत नव्हतो.

शेवटची चढाई माझ्याकडे आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. सेलू जवळ आला, माझ्या पायांकडे पाहून हळूच म्हणाला, "पऱ्हाटी हाये समज."

त्यांनी पुन्हा मला काठाकडे दाबले. अंगठ्याला रेघ कळली. मी तिथेच खाली झुकलो, डावा पाय लांबवून कोपऱ्यातल्या गड्याच्या घोट्याला टेकवला, आणि मग पहिल्यांदाच मुद्दाम लॉबीत शिरलो. तो टेकलेला पाय त्या गड्याला आणि पंचांना कळला, बाकीच्यांना नाही. त्यांना फक्त लॉबीतला मी दिसलो. त्यांच्या कर्णधाराने मला पकडायचे सोडून पंचांकडे वळून हात वर केला. मी त्याच्या उघड्या पडलेल्या बरगडीला शिवलो आणि कबड्डी कबड्डी म्हणत मध्यरेषेपलीकडे आडवा झालो.

पंचांनी दोन बोटे दाखवली. दोन गुण. पवनारने मला पाठीवर घेतले तेव्हा मी अजूनही कबड्डी म्हणत होतो.

बातमी माझ्याआधी वडनेरला पोचली. तिसऱ्या दिवशी वडील दुकान बंद ठेवून वर्ध्याला आले. त्याआधी दुकान त्यांनी कधी बंद ठेवल्याचे मला आठवत नाही. त्यांनी खोली पाहिली, खाटेखालची पेटी पाहिली. सुतळी मी सोडली होती. मग त्यांनी मैदान दाखवायला सांगितले. कुठली रेघ, विचारले. मी दाखवली. त्यांनी चप्पल काढून ठेवली आणि अंगठ्याने ती रेघ दाबून पाहिली.

"एवढीशी तं हाये," ते म्हणाले.

सेलू आणि पवनार मागे उभे होते. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"राह्यजो मंग इथंच. बीए करूनच येजो."

मी बीए करूनच गेलो. पदवीदान समारंभालाही ते दुकान बंद ठेवूनच आले.