पुसलेली सावली

मोहनदादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका नायकाच्या पाठीला बांधलेली तार पुसत होते. सिनेमात तो आकाशात उडतो. त्याला उचलून धरणाऱ्या तारा एकेका चित्रातून पुसून टाकायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. "बाबा गेले," दादा म्हणाला, "सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागीच..." खरं सांगते, माझ्या मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. आधी वाटलं, सुटले मी. आता वसंतकाका मला काही विचारणार नाहीत. पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली की जिन्यात जाऊन रडले. त्याला आता दीड महिना झाला.

वसंतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मोहनदादाचे वडील. सरकारी कचेरीत कारकुनी केली, राहिले नागपूरला लकडगंजात. घरामागे लाकडं कापणारी आरामशीन. तिची करकर सुरू असताना टीव्हीवर एखादा काळापांढरा सिनेमा लावायचा आणि आवाज वाढवत न्यायचा, हा त्यांचा रविवार. माझं काम त्यांना कधी पटलं नाही. जुन्या सिनेमात वादळ हवं असलं की मोठाले पंखे लावून खरी माती उडवत, ती नटाच्या डोळ्यात जाई; आता अख्खं शहर कोसळतं आणि नायकाच्या बुटाला धूळ लागत नाही, असं ते म्हणत. मीही ऐकून घेणारी नव्हते. तुमच्या सिनेमातले डोंगर कापडावर रंगवलेले, मोटार जागची हलत नसे आणि मागे रस्ता पळे, ते बरं चालतं तुम्हाला, असं मी सुनवायची. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "खोटाच असन, पण तो डोंगर कोणीतरी घाम गाळून रंगवला ना वं." एसीत बसूनही घाम फुटतो, हे त्यांना कोण समजावणार? एकदा मी काम केलेला सिनेमा त्यांना हौसेनं दाखवायला नेलं. शेवटी माझं नाव येईपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत, नाव दिसल्यावर एकट्यानं टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर पडताना म्हणाले की त्या राक्षसाची सावली भिंतीवर पडली, जमिनीवर पडलीच नाही. ती चूक आमच्या साहेबांनाही दिसली नव्हती.

अशा माणसानं आपलं एकुलतं रीळ माझ्या हाती सोपवलं. तरुणपणी त्यांनी एक छोटा सिने-कॅमेरा घेतला होता. त्यावर घेतलेली, काकूची जेमतेम तीन मिनिटं. अंगणात ती ओले केस विंचरते आहे, कॅमेरा दिसताच हातानं तोंड झाकते, हसते, जा म्हणून हातवारे करते. काकूला जाऊन चार वर्षं झाली होती. रीळ वाळून इतकं ठिसूळ झालं होतं की कॉम्प्युटरवर उतरवून घेतानाच त्याचे तुकडे पडले. पण चित्र मिळालं. मी ओरखडे काढले, डाग काढले, आणि खाली कडेनं एक काळपट आकृती चित्रात घुसत होती, तीही सफाईनं काढली. मग जागा करायची म्हणून मूळ फाईल पुसून टाकली. आमच्या धंद्यात नवखी मुलगीसुद्धा असं करत नाही. मी केलं.

दिवाळीत टीव्हीवर लावलं. काकांनी एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, "मी कुठं गेलो वं यातून?"

ती आकृती त्यांची सावली होती. ऊन पाठीवर घेऊन ते कॅमेरा धरून उभे होते आणि सावलीचं डोकं काकूच्या पावलांपाशी टेकलं होतं. दोघांचा एकत्र फोटो लग्नातला एक, त्यातही दोघं भेदरलेली. मूळ फाईल तर मी पुसून बसले होते. तरी तोंडातून निघून गेलं, मूळ प्रत आहे माझ्याकडे, सावली परत आणते.

पुण्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी भर उन्हात कॅमेऱ्याऐवजी पाण्याची बाटली डोळ्याला लावून उभी राहिले. मैत्रिणीनं माझी सावली टिपली. ती मी लांबवली, खांदे रुंद केले, तिच्यावर जुन्या रिळात दिसतात तसे कण पेरले. आयुष्यात इतकं बारीक काम केलं नसेल. संक्रांतीला ते घेऊन लकडगंजात गेले. सावली आली तसं काकांनी चित्र थांबवायला सांगितलं. उठले. टीव्हीच्या अगदी जवळ गेले... किती वेळ उभे होते कोण जाणे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हो. मीच आहे हा."

त्यानंतर त्यांनी माझ्या कामाला एकदाही नावं ठेवली नाहीत, आणि त्याचीच मला धास्ती बसली. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, सवडीनं येऊन जाय, बोलाचं आहे. मी काम आहे म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा तेच म्हटलं.

तेरावं झाल्यावर दादानं कपाटातून तो कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवला. तुला बोलावून हातानं द्यायचा होता म्हणे त्यांना. मी तो उचलून डोळ्याला लावला.

"तसा नाही," दादा म्हणाला. "बाबा डाव्या डोळ्याले लावत. उजव्यानं त्यांले लहानपणापासून दिसेच नाही. नोकरी जाईन म्हणून कोणाले सांगत नव्हते."

गच्चीवर मी बाटली उजव्या डोळ्याला लावली होती; माझ्या सावलीचं उजवं कोपर बाहेर आलेलं होतं, काकांचं डावं असायला हवं होतं. मी दादाला सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "संक्रांतीले तू येऊन गेली त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. म्हणे, पोरगी उन्हात उभी राहिली असन गा माह्यासाठी. तिले काही बोलू नको. अन् मंग घरी येईन त्याले ते लावून दाखवत, हा मी अन् ही मोहनची माय."

कॅमेरा आता पुण्यात माझ्या टेबलावर आहे. त्याच्या डोळ्याला लावायच्या रबराला अजून काकांच्या केसांच्या तेलाचा वास येतो. तो द्यायला त्यांनी मला दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळा भीतीपोटी मी गेलेच नाही.