अल्जेब्राचे अकरा नियम

कॉलेजच्या आठवणी लिहाव्यात त्या कॉलेज पूर्ण केलेल्याने. माझं तसं नाही. बी.एस्सी.ची दोन वर्षं मी केली आणि तिसऱ्या वर्षाच्या दारातून परत आलो. म्हणून सुरुवातीलाच माफी मागतो. माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आणि चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जे सांगणार आहे त्यातून कोणाला काही शिकायला मिळेल, असंही मला वाटत नाही. ज्या विषयात माणूस नापास झाला, त्याच विषयाच्या वर्गाबद्दल त्याने लिहावं, हे माझं मलाच आगाऊपणाचं वाटतं. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून बरंच आत आहे. घरात दहावी पास झालेला मी पहिला, बारावीही पहिला. पुढे काय करायचं असतं हे घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "गणित घेऊन बी.एस्सी. कर, मग बी.एड. कर. गणिताचा मास्तर कुठंच मिळत नाही." तेवढ्यावर ठरलं. माय धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावताना बाजूच्या बायकांना सांगायची, "माहा पोरगा गणिताचा मास्तर होऊन राहिला." मी तेव्हा अजून फॉर्मही भरला नव्हता.

दोन हजार एक साली मी गोंदियाला आलो. कुडव्याला एका घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. दुसरा तिरोड्याकडचा, बोदलकशाजवळच्या गावचा. त्याचा बाप तलावात मासे धरायचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता आणि पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय काढत होता. त्याला कॉलेजातलं सगळं माहीत होतं, फक्त पुस्तकातलं सोडून. हे तोच हसत सांगायचा.

अल्जेब्राच्या पहिल्या तासाला सरांनी शिकवलं काहीच नाही. खडू हातात घेऊन ते म्हणाले, "वहीचं पहिलं पान उघडा. नियम लिहून घ्या. हे पान वर्षभर फाडायचं नाही." आणि इंग्रजीत अकरा नियम सांगितले. मी मराठी शाळेतून आलेला. कानावर पडेल तसं लिहीत गेलो. दुसऱ्याची हजेरी लावायची नाही, अशा एका नियमात प्रॉक्सी शब्द होता. तो गणितातला काही प्रकार असावा आणि पुढे शिकवतील, असं मला दिवाळीपर्यंत वाटत होतं.

बाकीचे नियम मला अजून पाठ आहेत. सरांच्या नंतर वर्गात यायचं नाही. गृहपाठ पेनानेच, खाडाखोड नाही. प्रत्येक पायरीसमोर उजव्या बाजूला ती कशावरून आली याचं कारण लिहायचं. "समजलं नाही" असं म्हणायचं नाही, कोणत्या ओळीपासून समजलं नाही ते सांगायचं. शंका विचारायला यायचं तर आधी स्वतः केलेला प्रयत्न दाखवायचा. शंभरपैकी वीस गुण कॉलेजच्या हातात, दहा-दहाच्या दोन चाचण्या. चाचणीला गैरहजर असेल तर शून्य. मेडिकल सर्टिफिकेट असेल तरच पुन्हा चाचणी. उरलेले ऐंशी विद्यापीठाचे. पास व्हायला शंभरात चाळीस.

खोलीवर मी ते पान माझ्या मित्राला दाखवलं. तो पोहे खात होता.

"अकराच?" तो म्हणाला. "आमच्या साली तेरा होते. दोन कमी केले म्हाताऱ्यानं."

"यातले कडक कोणते?" मी विचारलं.

"तेच तर लिहून देत नाई ना बे ते."

हे त्याने सहज म्हटलं. मला मात्र ते बरीच वर्षं कळलं नाही. मी अकराही नियम सारखेच धरले. तास दहाला असायचा, मी साडेनऊला वर्गाबाहेर उभा. कारण लिहायचा नियम मला फार आवडला होता. कारण दिल्याशिवाय पुढची पायरी नाही, हे मला न्यायाचं वाटायचं. शंकेच्या नियमाने मात्र मी अडलो. ग्रुप म्हणजे काय ते सरांनी शिकवलं तेव्हा व्याख्या पाठ झाली, पण गणित सुरू कुठून करायचं हेच कळेना. प्रयत्न दाखवल्याशिवाय विचारायचं नाही आणि प्रयत्न तर सुरूच होत नव्हता. सर तीन ते चार स्टाफरूममध्ये बसायचे. मी दाराच्या बाहेरून दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा गेलोच नाही.

पहिली चाचणी ऑगस्टमध्ये होती. त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला की माय तापानं फणफणली आहे.

आमच्याकडे रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, असं असतं. दहाबारा घरं मिळून एकमेकांच्या बांधीत जातात. आज आमच्यात तुम्ही, उद्या तुमच्यात आम्ही. ज्या घरचं माणूस आपल्या पाळीला गेलं नाही, त्या घरच्या बांधीत कोणी उतरत नाही. यात राग-लोभ नसतो, रीतच तशी आहे. आमची दीड एकर सगळ्यांत शेवटी होती. मायच्या चार पाळ्या बाकी होत्या आणि बाबा नांगरामागे होते. मी गेलो. बायकांच्या ओळीत वाकून चार दिवस पऱ्हे लावले.

"काय जी मास्तर," एक काकू म्हणाली, "तुमच्या कालेजात हे नाई शिकवत काय? ओळ पाहा कशी जाऊन राहिली, सापासारखी!"

"त्याले इंग्रजीत सांग वो, मंग समजते," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो. चाचणी त्या दिवशी सकाळी अकराला होती आणि अकरा केव्हाच वाजून गेले होते.

पाचव्या दिवशी माय उठून बसली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला टायफॉईडचा कागद दिला होता. शिक्का, सही, तारखा, सगळं बरोबर. मला वाटलं, नियमात मेडिकल सर्टिफिकेट म्हटलं आहे आणि हे मेडिकल सर्टिफिकेटच आहे. मी अर्ज लिहिला. आई आजारी असल्याने रोवण्यास तिच्या जागी गेलो, करिता चाचणीस गैरहजर होतो. वर्गात शिकवलं तसं प्रत्येक वाक्याचं कारण दिलं आणि मायचा कागद मागे टाचला.

सरांनी तो वर्गातच वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"यावर बाईचं नाव आहे."

"हो सर. आईचं."

"चाचणी कोणाची होती? आईची?"

मागून एकजण म्हणाला, "सर, डिलिव्हरी हुई होगी इसकी!" वर्ग फुटला. पोरी वहीत तोंड घालून हसत होत्या. सरांनी खडूने टेबल वाजवलं. ते चिडले नव्हते, हे मी आज खात्रीने सांगतो. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, नियमात तुझं सर्टिफिकेट लागतं. तुझी तब्येतही त्या दिवसांत बरी नसेल. दोन दिवसांत तुझ्या नावाचं घेऊन ये. मी चाचणी घेतो."

"सर, माझी तब्येत चांगली होती," मी म्हणालो.

सरांनी अर्ज मला परत दिला. मग म्हणाले, "मग ते नियमात बसत नाही," आणि फळ्याकडे वळले.

मला ते पटलं. खरंच पटलं होतं.

खोलीवर मित्राने कपाळाला हात लावला. "अबे, सरानं तुले रस्ता दाखवला ना! आपल्या वर्गात अर्ध्या पोट्ट्यांना टायफॉईड झालेला हाये, कागदावर. स्टँडजवळच्या डॉक्टरकडे जाय, अंग दुखते म्हण, देते तो लिहून."

"दुखत नाही तर काय सांगू?"

"चार दिवस वाकून रोवना लावला अन् तुही कंबर नाई दुखली?"

दुखली होती. ते कारण खरं होतं, म्हणून मी गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो. माझ्याआधी एक म्हातारा होता, एक बाई लेकराला घेऊन होती. नंबर आला. डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "क्या तकलीफ है?"

कंबर चार दिवसांपूर्वी दुखत होती, आता दुखत नव्हती. चाचणीच्या दिवशी दुखत होती की दुसऱ्या दिवसापासून, हे मी आठवू लागलो. डॉक्टरने मान वर केली. मी म्हणालो, "काही नाही," आणि उठून बाहेर आलो. हा प्रामाणिकपणा होता असं मी म्हणणार नाही. प्रामाणिक माणसाला दुसरं काहीतरी येत असतं आणि तो ते करत नाही. मला दुसरं काही येतच नव्हतं.

पहिल्या चाचणीत शून्य. दुसरीत सात. तीच माझी त्या वर्गातली एकुलती एक चांगली आठवण आहे. समीकरणाची मुळं काढायची होती आणि ती मला जमली. सरांनी पेपर देताना "ठीक" म्हटलं. त्या दिवशी मी कुडव्यापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो, काऊन कोणास ठाऊक.

वार्षिक परीक्षेत ऐंशीपैकी एकोणतीस आले. सात मिळून छत्तीस. बाकी सगळे विषय निघाले. अल्जेब्रा मागे ठेवून दुसऱ्या वर्षाला बसता येत होतं, पण तिसऱ्या वर्षाला नाही. कॉलेजचे गुण बदलत नसत, पहिले होते तेच दर वेळी धरायचे. म्हणजे मला लेखीत तेहतीस हवेच होते. दुसऱ्या वेळी चोवीस आले. सरही तेवढ्यात निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. नव्या मॅडमनी वर्गात नियम सांगितलेच नाहीत, थेट शिकवायला लागल्या. मागे राहिलेल्यांनी तिथे बसायचं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसरं वर्ष मी पूर्ण पास झालो. त्याच उन्हाळ्यात अल्जेब्राची तिसरी परीक्षा दिली. ही शेवटची संधी होती. निघाली तर तिसरं वर्ष, नाही तर पहिल्यापासून नवा प्रवेश, आणि ते आमच्या घरून होणं शक्य नव्हतं. बाबांनी तोंडाने कधी सांगितलं नाही, पण माझ्यामागे बहिणीची बारावी होती.

निकाल लागला तेव्हा माझ्या नावापुढे गुण नव्हते. कॉलेजकडून अंतर्गत गुण आले नाहीत, म्हणून निकाल राखीव ठेवला होता. ऑफिसात बडे बाबूंकडे गेलो. त्यांनी दोन कपाटं उघडली, बंद केली, खोकले.

"उस साल का रजिस्टर नहीं है भाई. पूरा गठ्ठा दीमक खा गई." मग ते मराठीत आले. "ऐक. तुझे इंटर्नलचे किती होते? तू सांग, मी लिहितो. प्रिन्सिपलसाहेब सही करतात. आजच पाठवून देतो."

त्यांनी पेन उघडलं होतं. फॉर्मवर रिकामा चौकोन होता, वीसपैकी. लेखीत किती आले हे मला माहीत नव्हतं. पेपर कसाबसाच गेला होता, एवढंच ठाऊक होतं.

"सात," मी म्हणालो.

बडे बाबूंनी पेन थांबवलं. "वीसपैकी सात?"

"हो."

"नीट आठव. सतरा असतील."

"नाही. एका चाचणीला गैरहजर होतो."

"गैरहजर होतो म्हणे," ते शेजारच्या टेबलावरच्या बाबूला म्हणाले. "देखो, ऐसे भी आते हैं." आणि त्यांनी सात लिहिले.

हे मी मित्राला सांगितलं नाही, घरीही सांगितलं नाही. गावी परत गेलो. रोवणे सुरू झाले होते. माय म्हणायची, "निकाल कायले अडकला?" मी म्हणायचो, कागद जाऊन राहिला. खोटं नव्हतं ते. तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले, मग विलंब शुल्कासह सुरू राहिले. मित्र आठवड्यातून एकदा कॉलेजात चक्कर मारून माझा निकाल पाहायचा, मी त्याला तसं सांगून ठेवलं होतं. गावात फोन एकाच किराणा दुकानात होता. त्या पावसाळ्यात दुकानदाराने कधीही हाक मारली की मी हातातलं काम टाकून धावायचो, आणि बहुतेक वेळा तो कोणा दुसऱ्यालाच बोलवत असायचा.

बांधीत उभं राहून मी हिशेब करायचो. सात आणि तेहतीस. एकोणतीस एकदा आले होते. तेहतीस काही फार दूर नव्हते. मग मनात यायचं की चौकोन तर रिकामाच होता. तो विचार आला की मी पऱ्ह्यांची जुडी सोडून भराभर लावायला लागायचो.

पोळ्याच्या आधल्या दिवशी दुकानदाराचं पोट्टं बांधीच्या कडेला धुऱ्यावर येऊन ओरडलं, "भाऊ, गोंदियाचा फोन होय!" मी चिखलाच्या पायांनीच गेलो. मायही हात धुवून मागे येऊन राहिली होती. फोनवर मित्र होता. नेहमी तो आधी शिवी द्यायचा, मग बोलायचा. त्या दिवशी त्याने शिवी दिली नाही.

"कागद पाहून राहिलो," तो म्हणाला. "लेखी सत्तावीस. इंटर्नल सात. चौतीस होतात. ग्रेस लावूनही नाई बसत रे. फेल."