शांताचा ‘एकटा’

सुनीताचा फोन आला तेव्हा मी अकोल्याले घरी होतो, शांताची गोधडी न्यायले आलेलो. शांता, माझी बायको, अमरावतीच्या दवाखान्यात, पोरीजवळ. "बाबा..." एवढंच म्हणाली पोरगी. मागं तिच्या मोबाइलवर शांताचं आवडतं इंग्रजी गाणं चालू होतं. मले समजलं.

त्या गाण्याचा अल्बम सुनीतानंच घरात आणला. विलायतेतला कोणी गवय्या. बुद्धविहारातल्या बायांच्या गायन मंडळात शांता ढोलकी वाजवायची, म्हणून तिनं आधी वाजवणारे विचारले. "किती जण हायेत वं?" सुनीता म्हणे, "एकच हाय आई. ढोल, पेटी, गिटार, गाणं, सारं त्याचंच." "काऊन? कोणी नाही का त्याले?" आम्ही हसलो, ती नाही हसली. तेव्हापासून त्याचं नावच पडलं एकटा. भाकरी टाकताना म्हणायची, "लावा हो त्या एकट्याले."

मले काही तो पटला नव्हता. म्हटलं, "याचा ठोका चुकते. मागं पडते." तशी उसळली. "चुकत नाही, मुद्दाम मागून येते. तुमी बाजारात पुढं पुढं पळता, मी मागून येते. हरवली का कधी?"

नाही हरवली. जन्मभर मागून आली अन् या वेळेस न विचारता पुढं निघून गेली... हे मले मंजूर नाही. कोणी कितीही समजावो.

शांताच्या पुण्यानुमोदनाले, भंतेजी वंदना घेऊन गेल्यावर, मी स्पीकर लावला, तर साळा म्हणे, "भाऊजी, दुःखाच्या घरी हे काय नाचाचं गाणं?" म्हटलं, "घर तुह्या बहिणीचं हाय. तिलेच विचार."

सुनीता मागं लागली आहे. "बाबा, कुलूप लावा अन् चला अमरावतीले. एकटे काय काय करसान?"

"तो करते न सारं एकटा? तूच तर आणला त्याले."

रडली पोरगी. मंग हसली. पण हट्ट सोडला नाही, मीही नाही.

आता ढोलकी खुंटीवर अन् स्पीकर तिच्याखाली. भाकर फाटते, वरण करपते. करपू द्या. एकट्याच्या तिसऱ्या गाण्यात एका जागी सारं थांबते, तिथं शांता पिठाच्या हातानं परातीवर थाप मारायची, बरोब्बर त्याच्या मागून येणाऱ्या ठोक्यासंगं. मीही मारतो. माझी थाप आधीच पडते, घाई जात नाही माझी. उद्या पुन्हा मारीन. जमेपर्यंत तरी या घराले कुलूप लागत नाही.