मधे रस्ता न भेटणारी वाट

चिखलदऱ्याला गाडीने सगळेच जातात. पायथ्यापासून पायी चढायचं खूळ भाऊजींचं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, अकोल्याच्या एका दालमिलमध्ये सुपरवायझर, वय चोपन्न. खूळ त्यांचं असलं तरी वाट मी निवडली, म्हणून हे मला लिहायला हवं. तुमच्या मनात तसा बेत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

एप्रिलचा शनिवार होता. मी अमरावतीहून निघालो, ते अकोट-अंजनगावमार्गे आले आणि परतवाड्याला आम्ही भेटलो. एसटीला गर्दी नव्हती. बसमध्ये असतानाच ताईचा फोन आला होता.

"त्यायले उन्हात लय हिंडवू नको रे. तुले सांगून ठेवते."

"अकोल्याच्या माणसाले उन्हाचं काय भेव, ताई!" मी म्हटलं. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना आमच्या उन्हाचीही मिजास असते.

परतवाड्यात गरम कचोरी खाल्ली आणि जीपने पायथ्याच्या गावात पोचलो. जंगलखात्याची परवानगी आदल्या दिवशीच काढून ठेवा, सकाळी नाक्यावर कोणी भेटेलच असं नाही. मुक्काम गावातल्या वाटाड्याच्या, हिरालालदादांच्या घरी केला. जेवण आणि वाट दाखवणं मिळून हजार रुपये, आधीच बोलून घेतलेलं बरं. ज्वारीची भाकरी, बरबटीची भाजी आणि ठेचा. भाऊजींनी दोनदा भाजी मागून घेतली.

जेवणानंतर हिरालालदादांनी अंगणात काडीने दोन रेघा ओढल्या. पहिली वाट खोऱ्यातून सरळ वर जाणारी, चार तासांची. दुसरी वळसे घेत सहा तासांत पोचणारी, पण ती तीन ठिकाणी घाटाच्या डांबरी रस्त्याला भेटते. हिरालालदादा कोरकू आदिवासी, आमच्याशी हिंदीत बोलायचे.

"दूरवाली लेव, साहेब. बीच में रोड मिलता."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तुले समजते त्यातलं."

"रोडच पाह्याचा होता त जीपच केली असती ना, भाऊजी!"

भाऊजी खो-खो हसले आणि वाट ठरली.

रविवारी सहाला निघालो. साग उघडाबोडका, पायाखाली वाळक्या पानांचा एवढा आवाज की बोलायचं तर थांबावं लागे. मोहाची फुलं पडली होती, त्यांचा गोडसर वास येत होता. पहिला चढ संपला तेव्हा मागे सगळं मैदान दिसलं, धुरकट आणि सपाट. भाऊजी लहान पोरासारखे खूश होते. "हा पहाड म्या जलमभर बसच्या खिडकीतून पाह्यला. आज त्याच्या अंगावर उभा हाओ!"

नऊच्या सुमारास ते एका दगडावर बसले. शर्ट घामाने चिंब, चेहरा पांढरा. "जीव घाबरून राह्यला रे. अन् हा खांदा भरून आला, बॅगेच्या पट्ट्यानं." खांदा डावा होता.

मी म्हटलं, ऊन लागलं. आपल्याकडे एप्रिलमध्ये माणूस बसला की ऊनच लागलेलं असतं. खिशात कांदा होता, तो फोडून तळपायांना चोळला. बाटलीतलं कैरीचं पन्हं पाजलं आणि सावलीत निजवलं. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं. चाल."

मी अमरावतीच्या राजापेठेत दहावीचे विज्ञानाचे क्लास घेतो. घाम, मळमळ, डावा खांदा, ही हार्ट अटॅकची लक्षणं मी पोरांकडून दरवर्षी पाठ करून घेतो. त्या खोऱ्यात मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

हिरालालदादा म्हणाले, "बिठाके रखो इनको. मैं आदमी लाता." मी म्हटलं, तासाभराचाच चढ उरलाय, चालत गेलो तर लवकर पोचू. भाऊजी उठले आणि वीसेक मिनिटं चालले. मग एका झाडाला धरून हळूहळू खाली बसले. त्यानंतर ते बोलले नाहीत.

फोनला रेंज नव्हती. हिरालालदादा वर धावले. चार माणसं आणि एक बाज घेऊन परत यायला त्यांना दोन तास लागले. तेवढा वेळ मी भाऊजींना वारा घालत होतो आणि मनाला बजावत होतो की श्वास चालू आहे. चिखलदऱ्याच्या डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

तेरवीला अकोल्याच्या घरात पाहुणे बसले होते. तोवर ताईने काहीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांदेखत विचारलं.

"एकच वाट होती का रे?"

"नाही ताई. दुसरी होती. तिच्यावर मधे रस्ता भेटत होता. गाडी आली असती."

"मंग तिकून काहून नाही गेले?"

मी अंगणातलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"ते काय म्हणले?"

"हसले."

ताई म्हणाली, "तू काईबी म्हणलं तरी हसत ते. लय भरोसा होता त्यायचा तुह्यावर."

डोंगर चढायला जाल तर वर किती लवकर पोचतो ते विचारू नका. आजारी माणसाला तिथून कसं काढतात, ते विचारा. एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

ताई एका शब्दाने मला बोलली नाही. फोन करते, सणाला बोलावते, जेवल्याशिवाय सोडत नाही. तिने एकदा तरी माझ्यावर ओरडावं म्हणून मी दर रविवारी अकोल्याला जातो.