पंपघराची कडी

ग्रुपवर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदा. आधीच सांगते, भूत-प्रेत, भानामती यातलं काही मी मानत नाही. आमच्या शेजारणी लिंबू ओलांडायला घाबरतात, मी ते उचलून नळाखाली धुते आणि सरबत करते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय... पण घडलंय ते घडलंय.

गडचिरोलीहून आरमोरीकडे जाताना, गाव संपल्यावर डाव्या हाताला एक घरकुल वसाहत आहे. एकसारखी छोटी घरं, मधे अरुंद गल्ल्या आणि मागे थेट जंगल. या वसाहतीच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. पंप चालू करून पाणी सोडायचं, नाल्या मोकळ्या ठेवायच्या, दिवे गेले की वायरमनच्या मागे लागायचं, कोणाचं छत गळतंय, कोणाचं भांडण झालंय, सगळं बघायचं.

माझ्या आधी हे काम पारबताबाई करायच्या. त्यांना लकवा झाला, मुलगी त्यांना माजरीला घेऊन गेली आणि काम माझ्याकडे आलं. पण माणसं माझ्याकडे आली नाहीत. मी नाली काढली तर "पारबताबाई वाकून हातानं काढत होती." पाणी सोडलं तर "तिच्या वक्ताले धार मोठी राह्यत होती." अहो, पंप तोच, पाइप तोच! खरं सांगते, मी त्या बाईवर जळायचे. अजूनही जळते.

तो दिवस हिवाळ्यातला. सकाळी लाईट गेलेली होती, म्हणून पंपाचं काम नंतरवर ठेवून मी आधी गल्ल्या बघायला निघाले. पहिल्याच गल्लीत गेडामभाऊंच्या दारासमोरची नाली आदल्या दिवशी तुंबलेली होती. मी फावडं घेऊन गेले तर ती वाहती! गाळ काढून कडेला नीट रचलेला.

"भाऊ, तुम्ही काढला?"

"मी कायले काढू? पारबताबाई काढून गेली ना मघाशीच. मी आवाज देल्ला, तिनं हात हलवला न् गेली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बाई बऱ्या झाल्या? आल्या तर आल्या, मला न सांगता माझ्या कामात हात घालायला? काम परत मागायचं असेल तर तोंडावर मागावं!

तशीच तरातरा पुढच्या गल्लीत गेले. तिथे सोमीबाई मडावी एकट्या राहतात. म्हाताऱ्या आहेत, मोहफुलं, तेंदूपानं गोळा करण्यात जन्म गेलेल्या. त्या दारात ऊन खात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "उशीर झाला तुले. पारबता येऊन गेली."

"काय म्हणाल्या?"

"बसली घडीभर. कोरा चहा पेली. म्हणे, आज पंपाकडे कोनाले जाऊ नोको देऊ, पोट्टे बी नोको."

"आणि... माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"तुह्याबद्दल?" सोमीबाईंनी जरा आठवून बघितलं. "नाई."

हसू नका, पण ते 'नाई' मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं! आणि पंपाकडे जाऊ नका म्हणजे काय? पंप माझा, स्टार्टरची किल्ली माझ्याकडे... कोण कुठची बाई ऑर्डर सोडणार? मी मुद्दामच पंपघराकडे वळले.

पंपघर वसाहतीच्या मागच्या टोकाला, जंगलाला लागून आहे. त्याचं लोखंडी दार लोंबलेलं, त्यामुळे कडी बसतच नाही. दार वर उचलून, कमरेनं रेटून, एका झटक्यात ती बसवायची पारबताबाईंना सवय होती म्हणे. मला ते कधीच जमलं नाही, दुसऱ्या कोणालाही नाही. मी आपला बाहेरून एक दगड लावून ठेवायचे. आदल्या संध्याकाळीही लावला होता. आता तो दगड बाजूला सरकलेला आणि कडी... पक्की बसलेली. इतकी पक्की की मला दोन्ही हात लावावे लागले.

कडी अर्धी सरकली तेव्हा आधी वास आला. उग्र, ओल्या जनावराचा. मग आतून आवाज. गुरगुर म्हणतात ती नाही, त्याच्याही खालचा, छातीत घुमणारा. मी कडी होती तशी मागे ढकलली आणि शेजारच्या खिडकीच्या जाळीतून बघितलं. पंपाच्या मागे पाठ चिकटवून बिबट्या बसला होता. माझ्याकडेच बघत.

पाणी सोडायच्या वेळी वसाहतीतल्या बाया पाण्याचे गुंड-हंडे घेऊन तिथेच असतात. पोरं तर त्या दाराला लटकून खेळतात. त्या सकाळी लाईट असती, दार उघडं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

मी पळत येऊन सगळ्यांना घरात घातलं, वनखात्याला फोन केला. त्यांची माणसं आली, दुपारपर्यंत बिबट्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घेतलं. गर्दी झाली, फोटो झाले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच — "पारबताबाईनं कडी लावली म्हणून वाचलो." मी तिथेच उभी होते. गेडामभाऊ तर म्हणाले, "तू त उघडाले निघाली होती!"

रागारागात पारबताबाईंच्या मुलीला, रेखाला फोन लावला. "तुमची आई आज इकडे आली होती. निदान मला सांगायचं तरी."

ती म्हणाली, "ताई, मजाक करून राह्यल्या का? आई पावसाळ्यापासून खाटेवर आहे. कूस बी मलेच बदलवून द्या लागते."

विश्वास बसेना. रविवारी बसनं माजरीला गेले. खरंच खाटेवर होत्या. एक बाजू पूर्ण गेलेली, शब्द जड पण कळत होते. मी कोण ते रेखानं सांगितल्यावर त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"कडी लागते का तुले?"

मी मान हलवली... नाही.

"मीच लावतो रोज. डोये मिटले का निघतो. गल्ली गल्ली पाहतो, नाल्या पाहतो, मंग कडी."

"बाई, त्या दिवशी आत बिबट्या होता! सोमीबाईंना तुम्हीच सांगितलं ना, पंपाकडे जाऊ देऊ नका म्हणून?"

"बिबट?" त्या खरोखरच दचकल्या. "मले नाई मालूम वो माय. मी कोनाशी बोलतच नाई तिथं. कोनी पाहतच नाई माह्याकडे. आवाज देतो, कोनी वळून बी पाहत नाई." डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांना पुसताही येईना. "तुह्यासंग त बोलत असतीन सारे. लय जळतो पोरी मी तुह्यावर."

कोणी म्हणेल, गेडामभाऊंना भास झाला, सोमीबाईंचं वय झालं. मग एरवी रोज मोकळीच सापडणारी ती कडी त्या दिवशी कोणी लावली? आणि बिबट्या आत आहे हे खुद्द पारबताबाईंना ठाऊक नव्हतं, तर सोमीबाईंशी बोललं कोण? मला आजही सांगता येत नाही.

सगळी वसाहत तुम्हाला बघते, हाक मारते, तुमचंच नाव घेते... हे मी त्या खाटेशेजारी बसून सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. मी पदरानं त्यांचे डोळे पुसले, रेखानं दिलेलं पाणी प्याले आणि बस पकडली. ते वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.