इंजिनावरचं कुंकू

निजामाच्या राज्यात पाटोद्याच्या आसपास मोटार होती ती आमच्या मालकांची एकच, आणि ती हाकणारा मीही एकटाच. हैदराबादेत सहा महिने राहून इंजिन शिकून आलो होतो, त्यामुळे जगातली सगळी अक्कल माझ्याच वाट्याला आलीय अशा तोऱ्यात मी चालायचो. गाडी नुसती खोकली तरी काय बिघडलंय ते सांगतो, अशा बढाया पारावर बसून मारायचो.

दसऱ्याला कुणब्याच्या नांगराची पूजा, तशी माझ्या मोटारीची. बायकोनं ताट आणलं तेव्हा इंजिनावरचं झाकण मीच उघडून दिलं आणि चार प्लग दाखवत म्हणालो, "हितं ठिणगी पडती, तवा गाडी चालती. समदा जीव हितंच हाय." मग तिनं चारही प्लगना कालवलेलं कुंकू भरभरून लावलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. मी कौतुकानं बघत उभा होतो.

आमच्या तीन वर्षांच्या मुलीचा घसा दोन दिवस दुखत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. वैद्यानं घशातला पांढरा पडदा बघितला आणि हात टेकले. "घटसर्प हाय. नगरच्या दवाखान्यात न्या, आन् आत्ताच न्या." मालकांच्या दारात जाऊन मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "गाडी काढ बे, इचारतो काय!"

गाडी निघाली ती अडखळतच. चार ठोक्यांच्या जागी दोनच ऐकू येत होते. सपाटीवर कशीबशी रेटली, पण पहिल्याच मोठ्या चढाला ती बसली. मागं बायकोच्या मांडीवर पोर होती. तिच्या श्वासाची शिट्टी मला पुढं ऐकू येत होती.

झाकण उघडलं. पेट्रोलात घासलेट मिसळलेलं असणार, हे मी न बघताच ठरवून टाकलं. विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, कार्बोरेटर सोडला, फुंकला, पेट्रोल उपरण्यातून गाळलं. गाडी तशीच. मग तारा तपासल्या. तरी तशीच. ऊन डोक्यावर आलं.

"कावून चालंना वो?" बायकोनं एकदाच विचारलं.

"गप बस!" मी खेकसलो.

शेवटी, जे सगळ्यात आधी करायला शिकवलं होतं ते केलं. इंजिन चालू ठेवून लाकडी मुठीचा पेचकस एकेका प्लगला लावून त्याची ठिणगी बाहेरच उतरवायची. ज्याच्यानं आवाज बदलत नाही तो प्लग मेलेला. पहिल्याला आणि चौथ्याला आवाज पडला. दुसऱ्या-तिसऱ्याला काही फरक नाही. त्या दोघांच्या पांढऱ्या चिनीमातीवर कुंकवाचा ओघळ खालपर्यंत उतरून करपला होता, आणि ठिणगी आत न जाता त्याच वाटेनं पळून जात होती.

सकाळपासून ते कुंकू माझ्या डोळ्यांपुढंच होतं. पण कुंकवाला घाण कोण म्हणेल? आणि लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, हे तर लहानपणापासून अंगात भिनलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! झाकणाच्या आडोशाला उभा राहून मी ते धोतराच्या सोग्यानं खरडून पुसलं.

गाडी चारही ठोके देत चढ चढली. इतकी सुरेख ती कधीच चालली नव्हती. निजामाच्या हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका समोर दिसू लागला, तेव्हा बायको म्हणाली, "आता गाडी वळवा."

मागं बघायची माझी हिंमत झाली नाही. शिट्टी कधी थांबली ते इंजिनाच्या आवाजात मला कळलंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर इंजिनात पाणी घालायला उतरलो, तेव्हा तिला माझा लाल झालेला सोगा दिसला.

"अवो, हात कापला का काय?"

"व्हय. पत्रा लागला."

खरं सांगायला तोंड उघडेना. पुढंही कधी उघडलं नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी बायको गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी तिनं पोरीच्या अंगावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर हळद भरते. तवर मूठ दाबून धरा."

मी मूठ दाबून धरली.